डिप्रेशनची गोळी लपवून घेताना

भांडुपच्या एका ताईंनी विचारलंय. वय ३४, बँकेत नोकरी, घरात नवरा, सासूबाई आणि पाच वर्षांचा मुलगा. चार महिने झोप उडालेली, सकाळी उठायची इच्छा नाही, गाडीत छातीत धडधड. मानसोपचारतज्ज्ञांनी डिप्रेशनवरचं एस्सिटॅलोप्राम १० आणि झोपेचं, शांत करणारं क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम एकत्र असलेली गोळी रात्री एक, अशी लिहून दिली. आज अकरावा दिवस. मळमळतंय आणि फरक तर काहीच नाही, असं कसं? सवय लागते का? बरं वाटलं की महिन्याभरात बंद केली तर चालेल का? अ‍ॅसिडिटीची आणि कंबरदुखीची गोळी सोबत घेतली तर? मधे दोन दिवस विसरल्या म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन गोळ्या एकदम घेतल्या, आणि संध्याकाळी परतीच्या स्लो गाडीत अशी झोप लागली की भांडुप कधी गेलं कळलंच नाही, ठाण्याला जाग आली. शेवटी एक ओळ आहे: "घरात कुणाला माहीत नाही. गोळ्या पाकिटातून सोडवून डोकेदुखीच्या गोळ्यांच्या डबीत ठेवते."

ताई, मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते. सत्तावीस वर्षं मानसोपचाराचंच काम करतेय, आधी महापालिकेच्या रुग्णालयात, नंतर दादरला स्वतःच्या दवाखान्यात. नीट लिहून दिलेल्या आणि नीट घेतलेल्या एस्सिटॅलोप्राममुळे माणूस गंभीर आजारी पडलेला मी फार क्वचित पाहिलाय. ती चोरून घेतल्यामुळे झालेले घोळ मात्र दर महिन्याला बघते. चोरून घेणारा माणूस डोस चुकवतो, कारण रात्री सगळे झोपेपर्यंत डबी काढता येत नाही. तो फॅमिली डॉक्टरला सांगत नाही, मेडिकलवाल्याला सांगत नाही. त्याला काही त्रास झालाच, तर तो कशाचा हे घरात कुणाला कळत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसं राहत असताना गोळी लपवावीशी का वाटते, हे मला कळतं. शेजारणीपासून लपवा, ऑफिसातल्यांपासून लपवा, माझी काही हरकत नाही. पण कुणापासून लपवायचं नाही, त्याची यादी छोटी आहे आणि ती पुढे येईलच.

त्या डबीचं आधी बघू. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंनी अगदी हेच केलं होतं. एका दुपारी सासूबाईंचं डोकं दुखलं, त्यांनी डबीतल्या दोन पांढऱ्या गोळ्या काढून घेतल्या. संध्याकाळचे सहा वाजले तरी म्हातारी उठेना. हलवलं की डोळे उघडायची, बरळायची, परत झोपायची. घरच्यांना वाटलं अर्धांगाचा झटका. कॅज्युअल्टीत नेईपर्यंत सुनेच्या तोंडून शब्द फुटेना, आणि डॉक्टर मेंदूचा सीटी स्कॅन सांगायला निघाले तेव्हा कुठे ती रडत रडत बोलली. सासूबाई दुसऱ्या दिवशी ठीक झाल्या. तुमच्या घरात तर पाच वर्षांचं मूलही आहे. तेव्हा गोळ्या आज रात्रीच त्या डबीतून काढा आणि इथून पुढे मूळ पाकिटातच राहू द्या. नाव, पॉवर, मुदत सगळं त्या चांदीवरच छापलेलं असतं. मुलाचा हात पोचणार नाही असं कुलपाचं कपाट किंवा वरचा कप्पा बघा. पर्समध्ये ठेवत असाल, तर पर्स खुंटीला लावण्यापूर्वी तिला चेन आहे ना, एवढं पाहा.

आता अकरावा दिवस. या गोळीची उलटी गंमत अशी की त्रास पहिल्या आठवड्यात येतो आणि गुण मागाहून. मळमळ, पोट ढवळणं, डोकं जड, तोंड कोरडं, घाम, कुणाला उगाच अस्वस्थ वाटणं, हे बहुतेकांचं एक ते दोन आठवड्यांत कमी होतं. मन सावरायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण गुण यायला सहा ते आठ. त्यामुळे अकराव्या दिवशी "फरक नाही" म्हणणं म्हणजे भात चढवून पाच मिनिटांत शित चेपून बघणं. मळमळीसाठी गोळी जेवणानंतर घ्या. ती रिकाम्या पोटी घेतली तरी काम करते, पण पोटात काहीतरी असलं की ढवळणं कमी होतं. उपवास असेल तर साबुदाण्याची खिचडीही चालते. गोळीसाठी उपवास मोडायला नको, आणि उपवासासाठी गोळी मोडायला नको. फरक आधी कुठे दिसतो म्हणाल, तर बऱ्याचदा तो स्वतःला दिसतच नाही. "हल्ली चहा गार होईपर्यंत बसून राहत नाहीस," असं घरातलं कुणीतरी म्हणतं.

विसरलेल्या डोसचं गणित सोपं आहे. रक्तातलं एस्सिटॅलोप्राम निम्म्यावर यायला साधारण तीस तास लागतात, म्हणून एक दिवस चुकला तर आभाळ कोसळत नाही. त्याच रात्री आठवलं तर घ्या, दुसऱ्या दिवशी आठवलं तर सोडून द्या आणि नेहमीच्या वेळी नेहमीची एकच घ्या. भरपाई म्हणून दोन कधीच नाही. तुम्ही दोन घेतल्या तेव्हा क्लोनाझेपामही दुप्पट गेलं, तेही कामाच्या दिवशी सकाळी. ठाण्याला जाग आली हे नशीबच म्हणायचं, तुम्हाला बसायला जागा मिळाली होती. दाराशी उभ्या असतात तेव्हाचा विचार करा.

सवय लागते का, याचं उत्तर एक नाही, कारण तुमच्या एका गोळीत दोन औषधं आहेत. एस्सिटॅलोप्रामची, नशेला म्हणतात तशी, सवय लागत नाही. त्याची तलफ येत नाही, तेवढ्याच परिणामासाठी डोस वाढवत न्यावा लागत नाही. क्लोनाझेपामचं तसं नाही. ते लगेच शांत करतं, झोप आणतं, आणि म्हणूनच अंगवळणी पडतं. सुरुवातीचे दोन ते चार आठवडे, पहिलं औषध हाताशी येईपर्यंत, त्याचा उपयोग होतो हे खरं. माझं भांडण आहे ते दोन्ही एकाच गोळीत कोंबण्याशी. आपल्याकडे ही जोडगोळी फार चालते. नावापुढे 'प्लस' किंवा तसंच काहीतरी लागलेलं असतं आणि माणूस दोन-दोन वर्षं ती घेत राहतो. एक औषध वाढवायचं म्हटलं तर दुसरं आपोआप वाढतं, एक थांबवायचं तर थांबवता येत नाही. तुमच्या डॉक्टरांनी दिलीय म्हणजे त्यांनी काही विचार केला असेल. पण पुढच्या भेटीत सरळ विचारा, "यातलं झोपेचं औषध मला किती दिवस? वेगळं करून देता का?" कुणाही शहाण्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. आणि क्लोनाझेपाम बरेच दिवस घेतलं असेल तर एकदम बंद करायचं नाही, त्यात फिट येऊ शकते.

दारूबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ऑफिसची पार्टी आणि क्लोनाझेपाम एकत्र नको, एवढं लिहून ठेवते.

आता घरातल्या बाकीच्या गोळ्या. मुंबईतल्या कुठल्याही घरी फ्रीजवर एक बरणी असते, त्यात सगळ्यांच्या सगळ्या गोळ्या. तुमच्या गोळीचं खरं भांडण त्या बरणीशी आहे.

अ‍ॅसिडिटीची कुठली घेता ते बघा. ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल यकृतात एस्सिटॅलोप्रामच्या वाटेत येतात, त्यामुळे रक्तातली त्याची पातळी वाढते. कधीमधी एखादी घेतली तर काही बिघडत नाही. पण "रोज सकाळी उपाशीपोटी एक" हे वर्षानुवर्षं चालू असेल, तर डॉक्टरांना कळायलाच हवं. पॅन्टोप्राझोलची ही अडचण बरीच कमी आहे. पातळी फार वाढली की हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर ताण येऊ शकतो. म्हणूनच पासष्टीच्या पुढच्या माणसांना आम्ही साधारण १० मिलिग्रॅमच्या वर जात नाही, आणि हृदयाचा आजार असेल तर आधी ईसीजी काढतो.

कंबरदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आपण चण्याफुटाण्यासारखे खातो. रक्त गोठवणाऱ्या पेशींना सेरोटोनिन, म्हणजे शरीरात निरोप पोचवणारं एक रसायन, लागतं आणि तुमची गोळी त्या पेशींमधला त्याचा साठा कमी करते. वेदनाशामक गोळी पोटाच्या आतल्या आवरणाला आधीच दुखावत असते. दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव व्हायची शक्यता वाढते, अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आणखीच. तुम्हाला साधं पॅरासिटामॉल बरं. शी डांबरासारखी काळी झाली, अंगावर न लागता निळे डाग पडायला लागले, पाळीला नेहमीपेक्षा फार जास्त जायला लागलं तर कळवा. दात काढायचा असेल तर दाताच्या डॉक्टरला आधी सांगा, मात्र त्यासाठी आपल्या मनाने गोळी बंद करू नका.

ट्रामाडॉल मात्र अगदी टाळायचं. पाठदुखीवर पॅरासिटामॉलबरोबर ते सर्रास लिहिलं जातं. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचली तरच कळतं. पावसाळ्यातल्या कोरड्या खोकल्याच्या सिरपमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं, तेही याच जातीचं. 'नैसर्गिक' म्हणून ऑनलाइन मिळणारं सेंट जॉन्स वर्टही नको. मेंदूत मात्र तुमची गोळी आणि हे सगळे आपापल्या परीने सेरोटोनिन वाढवतात. फार वाढलं तर काही तासांत हातपाय थरथरतात, स्नायू आपोआप उडतात, भरपूर घाम, जुलाब, ताप, माणूस गोंधळून जातो. असं दिसलं तर पुढची गोळी न घेता थेट रुग्णालय गाठायचं.

मुंबईत राहतो म्हणून टीबीचंही सांगायलाच हवं. साध्या औषधांना दाद न देणारा टीबी या शहरात कमी नाही, आणि त्याच्या उपचारात लिनेझोलिड वापरतात. ते आणि आपली गोळी यांचं वाकडं आहे. त्याच टीबीचं बेडाक्विलिन हृदयाच्या लयीवर ताण आणतं, म्हणजे तिथेही एस्सिटॅलोप्रामशी गाठ पडते. योगायोग असा की डिप्रेशनवरच्या औषधांची सुरुवातच टीबीतून झाली. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या एका टीबी रुग्णालयात इप्रोनियाझिड नावाचं टीबीचं औषध दिलेले रुग्ण अचानक हसू-बोलू लागले, त्यावरून डॉक्टरांच्या लक्षात आलं. सेरोटोनिन मोडणारं जे एन्झाइम इप्रोनियाझिड अडवायचं, तेच लिनेझोलिडही थोडंफार अडवतं. तुम्हाला टीबी नाही, पण घरात, नात्यात कुणी दोन्हीकडची औषधं घेत असेल, तर शिवडीच्या टीबी रुग्णालयातल्या डॉक्टरला मनाच्या गोळीचं आणि मनाच्या डॉक्टरला टीबीच्या गोळीचं माहीत आहे ना, हे बघा. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बायकांचंही तसंच. फ्लुओक्सेटीन आणि पॅरॉक्सेटीन ही डिप्रेशनवरची औषधं टॅमॉक्सिफेनला शरीरात कामाला लागू देत नाहीत. त्यांच्यासाठी दुसरं औषध निवडतात.

माझी एक चूक सांगते. सत्तरीचे एक गृहस्थ, पत्नी गेल्यावर खचलेले. मी एस्सिटॅलोप्राम ५ ने सुरू केलं. बीपीची गोळी चालू आहे का विचारलं, हो म्हणाले, मी पुढे गेले. त्या गोळीत लघवी वाढवणारं औषधही होतं, हे मी पाकीट हातात घेऊन वाचलं नाही. सोळाव्या दिवशी मुलाचा फोन आला, "बाबा बाथरूमचा रस्ता विसरतात, काल पडले." घरात सगळ्यांनी म्हातारचळ ठरवूनही टाकला होता. रक्त तपासलं तर सोडियम ११८. ते १३५च्या वर असायला हवं. आयसीयूत चार दिवस काढून बाबा घरी आले. ही गोळी वयस्कर माणसांत सोडियम उतरवू शकते, लघवीच्या गोळीबरोबर तर हमखास लक्ष ठेवावं लागतं, हे मला पाठ होतं. नुसतं पाठ होतं. तेव्हापासून माझ्याकडे येणारा प्रत्येकजण घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन येतो आणि मी एकेक पाकीट उलटं करून वाचते. साठीच्या पुढच्यांचं सोडियम दोन-तीन आठवड्यांत तपासते.

बंद करण्याचा प्रश्न. महिन्याभरात बंद करू नका, कितीही बरं वाटलं तरी. पहिल्यांदाच आजार झाला असेल तर पूर्ण बरं वाटायला लागल्यावर पुढे किमान सहा ते नऊ महिने, आणि आजार परत परत उलटत असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. प्लास्टर काढण्याआधी हाड पुरतं जुळू देतात, तसंच. एकदम सोडली तर दोन-चार दिवसांत गरगरतं, चिडचिड होते, भलतीच स्वप्नं पडतात, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं. माझे एक पेशंट म्हणायचे, "मान वळवली की ट्यूबलाइट फडफडते." याला लोक "बघा, सवय लागली" म्हणतात किंवा "आजार परत आला" म्हणून घाबरतात. बहुतेक वेळा दोन्ही नसतं. मेंदू ज्याला सरावला होता ते अचानक काढून घेतलं, एवढंच. पॅरॉक्सेटीन आणि व्हेनलाफॅक्सीनला हा त्रास जास्त, फ्लुओक्सेटीनला सगळ्यांत कमी, कारण ते शरीरातून आठवडे-आठवडे रेंगाळत जातं. म्हणून डोस काही आठवडे, कधी काही महिने, पायरी-पायरीने उतरवायचा, आणि शेवटच्या पायऱ्या सगळ्यांत छोट्या. "एक दिवसाआड घ्या" ही युक्ती मला पटत नाही, रक्तातली पातळी रोज वरखाली होते. परीक्षा, लग्न, घर बदलणं असल्या धामधुमीत उतरवायला घेऊ नका.

दोन गोष्टींसाठी मात्र पुढच्या भेटीची वाट बघायची नाही. एक, या पहिल्या काही आठवड्यांत जीव घाबरा होऊन एका जागी बसवेनासं झालं, किंवा मरून जावं असे विचार नव्याने आले, वाढले. कधीकधी मन सावरायच्या आधी अंगात हुशारी येते आणि तो काळ जपायचा असतो. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींत हा धोका जास्त. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००४ मध्ये मुलांसाठी आणि २००७ मध्ये चोविशीपर्यंतच्या तरुणांसाठी औषधाच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत इशारा छापायला लावला. तुम्ही ३४च्या असलात तरी असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, घरातल्या एकाला उठवा, गोळ्यांचं पाकीट त्याच्या हाती द्या, आणि गरज वाटली तर जवळच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. रात्री-अपरात्री १४४१६ वर 'टेली-मानस'ला फोन लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. दुसरी गोष्ट याच्या उलटी. तीन तास झोपूनही ताजंतवानं वाटणं, तोंडाचा पट्टा थांबेना, हातातून पैसा पाण्यासारखा जायला लागला. काहींच्या डिप्रेशनमागे बायपोलर आजार, म्हणजे कधी फार उदास तर कधी अति उत्साहात असण्याचा आजार, असतो आणि नुसती ही गोळी त्यांना दुसऱ्या टोकाला फेकते. माहेरी कुणाला तसं काही होतं का, हे आठवून डॉक्टरांना सांगा.

लैंगिक इच्छा कमी होणं, समाधान व्हायला फार वेळ लागणं, हे या गोळ्यांनी बऱ्याच जणांना होतं. बायका सांगत नाहीत, पुरुष गोळी बंद करतात आणि मग सांगतात. डोस किंवा औषध बदलून यावर मार्ग निघतो, फक्त तोंड उघडायला हवं. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर आधी बोला. आणि दिवस राहिल्याचं कळलं तर घाबरून एकदम बंद करू नका, लगेच मनाच्या आणि बाळंतपणाच्या, दोन्ही डॉक्टरांना भेटा.

खर्चाचं म्हणाल तर हे औषध महाग नाही, जनऔषधी केंद्रात आणखी स्वस्त पडतं. कंपनी बदलली तरी चालते, घटक आणि पॉवर तीच आहे एवढं वाचा. केईएम, नायर, सायनला मानसोपचाराची ओपीडी आहे. रांग लांब असते, पण तिथे शिकलेल्यांतलीच मी एक. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासलं नसेल तर तेही तपासून घ्या.

तर कुणापासून लपवायचं नाही, ती यादी. तुम्हाला औषध देणारा कुठलाही डॉक्टर, मग तो दाताचा असो की कोपऱ्यावरचा फॅमिली डॉक्टर. तुमचा मेडिकलवाला. आणि घरातलं एक माणूस. माझ्या एका पेशंटने घरी "थायरॉईडची गोळी" सांगून वर्ष काढलं, त्याबद्दल मी काही म्हणाले नाही. पण तिने पाठीच्या डॉक्टरलाही थायरॉईडच सांगितलं, आणि त्यांनी भोळेपणाने ट्रामाडॉल लिहिलं. तुमच्या घरातलं ते एक माणूस नवरा असेल तर उत्तम, नसेल तर बहीण. मुलगा झोपल्यावर, दिवा मालवायच्या आधी पाकीट त्याच्यापुढे ठेवा आणि एवढंच म्हणा, "मला चार महिने झोप नव्हती, डॉक्टरांनी ही दिलीय, मी दिवसभर गुंगीत दिसले किंवा विचित्र वागले तर या नंबरवर फोन कर." आजाराचं नाव त्या रात्री काढलंच पाहिजे असं नाही. सासूबाईंना सांगायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. पुढच्या भेटीला जाताना फ्रीजवरची बरणी आख्खी पिशवीत घालून न्या, आणि झोपेचं औषध कधी थांबवायचं त्याची तारीख चिठ्ठीवर डॉक्टरांच्याच हाताने लिहून घ्या.